फंडाची बेगमी

मनोरी,
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

लाडक्या वेन,

तुझ्या सेराफिना आजीकडून कपाळावर मुका. कागद बघून हसू नकोस. फोनवर तुझं बोलणं मला ऐकू येत नाही, आणि मी जे ओरडते ते सगळ्या पाड्याला ऐकू येतं. म्हणून पोटातलं आता कागदावरच लिहिणार. चौथीपर्यंत शिकले ते वाया का घालवू? अक्षर सुक्या बोंबलासारखं वाकडं आहे, पण वाकडा म्हणून बोंबील कोणी टाकून देतं का?

आज मी इतकी खूश आहे की चहात दोनदा साखर घातली. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर रिचर्ड भेटला. तुझा धर्मबाप, आणि आता तुझा मालक पण. म्हणाला, "माय, तुझा नातू हुशार. कायद्याने जेवढा फंड कापायचा त्याच्यावर आणखी कापा म्हणून त्यानेच लिहून दिलंय." मी तिथेच त्याच्या गालाला हात लावला. तुला आठवतं का, मीच तुझ्या मागे लागले होते, टक्का वाढव, टक्का वाढव? ऐकलंस ना आजीचं!

मला हा फंड फार आवडतो. मला समजतो म्हणून आवडतो. बँकेतलं बाकी काही मला समजत नाही, पण ही आपली आगोटीची बेगमी झाली. पावसाच्या आधी आपण सुकट, बोंबील, मसाला डब्यात भरतो ना, तसं. पगार हातात यायच्या आधीच मूठभर बाजूला. एक मूठ तुझी, एक कंपनीची, आणि झाकणावर सरकार बसलेलं. तुझ्या युस्टेस आजाला कसला फंड! समुद्र कधी कोणाचा पीएफ कापतो का? म्हातारपणी जाळं विणत बसला बिचारा, डोळे गेले तरी बोटं चालूच.

मी शेजारच्या शेवंतीला सांगितलं, फादरला सांगितलं, मासळीवालीला सांगितलं. शेवंतीचा पोरगा निलेश पण रिचर्डच्याच कारखान्यात, त्याला पण म्हटलं, वेनसारखं कर. तू साठ वर्षांचा होशील आणि फंड घेऊन मनोरीला येशील, ओटीवर बसशील. तेव्हा मी शंभरीच्या पुढे असेन, पण मी वाट बघेन, मला काय काम आहे दुसरं?

यंदा ऑक्टोबरात आगेऱ्याच्या सणाचा मान रिचर्डकडे आहे. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये तोच नेणार, जेवण पण त्याचंच. तुम्ही सगळे या. फ्रेडा का येत नाही रे? गुडघा गुडघा म्हणते. माझी मुलगी आणि माझ्याआधी तिचा गुडघा गेला? तिला म्हण, आई नावेत चढते अजून.

आणि एक, फंड किती झाला ते मला कळव. मोजायला नको, नुसतं सांगायला हवंय लोकांना.

तुझी,
आजी


बोरिवली,
१० ऑगस्ट

प्रिय आजी,

पत्र मिळालं. अमांडाने मोठ्याने वाचून दाखवलं, आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आईचा गुडघा दुखतोच आहे. डॉक्टर म्हणतात चालू नका. तू येऊ नकोस, भरतीला मार्वेला उतरताना नाव हलते, पडशील. आम्हीच येऊ.

फंडाचं गावात सांगत फिरू नकोस प्लीज. लोकांना उगाच वाटतं माझ्याकडे काही आहे.

एक विचारू? आगोटीचा डबा वेळेआधी उघडावा लागला तर? म्हणजे घरात तशीच गरज आली तर? तुमच्या वेळी कोणी उघडायचं का?

आणि रिचर्ड अंकल आपल्याला किती जवळचे, ते तू मला एकदा नीट सांग. लहानपणापासून ऐकतोय, पण कधी विचारलं नाही.

वेन


मनोरी,
१७ ऑगस्ट

वेन बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि मला कळलं तुझ्या मनात काय आहे. मोटरसायकल! किंवा अमांडाला कुठे थंड हवेला न्यायचंय. लबाडा. आजीला कळतं.

ऐक. आपल्या पाड्यात एक सुगंधा होती, पहिली सर पडली की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. जून संपायच्या आत डबा उघडायची, एक बोंबील काढायची, झाकण लावायची. परत उघडायची. डब्याला सर्दी लागली, आतलं सगळं मऊ पडलं, वास सुटला, मांजर पण तोंड फिरवून गेलं. मग श्रावणात आमच्या दारात वाटी घेऊन. मी दिलं हो, पण दोन बोलून दिलं. तर डबा उघडायचा नाही. उघडलास तर मी नावेने येऊन कान पिरगाळीन.

रिचर्ड किती जवळचा विचारतोस? तुझ्या बाप्तिस्म्याला त्याने नवा कोट शिवला होता. करड्या रंगाचा. फादरने तुझ्या डोक्यावर पाणी ओतलं आणि तू रिचर्डच्या कोटावर ओतलंस. सगळं चर्च हसलं. त्याने कोट झटकला नाही, तसाच तुला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आता हा माझा पण." तुझा बाप गेला तेव्हा पेटीच्या पुढच्या बाजूला खांदा त्याचाच होता. फ्रेडा रडून रडून खाली बसली, तर तिला उचलून उभी करणारा पण तोच. आणि तुला नोकरी कोणी दिली? तू रिचर्डच्या हातात आहेस म्हणून मी निजते.

फ्रेडासाठी सुकट आणि बाटलीतला मसाला निलेशबरोबर पाठवते. यंदा मिरची जरा जास्तच भाजली गेली, शेवंती बडबडत बसली आणि माझं लक्ष गेलं. चालेल. फ्रेडाला म्हण, तोंडाला चव येईल.

किती झाला फंड, ते सांगितलंच नाहीस!

आजी


बोरिवली,
७ सप्टेंबर

आजी,

उत्तराला उशीर झाला. मसाला मिळाला. आईने बाटली उघडून नुसता वास घेतला आणि परत बूच लावलं.

मोटरसायकल नको आहे मला.

तुला खरं सांगतो, पण तुझ्यापुरतंच ठेव. घरात खर्च निघाला म्हणून मी फंडातून थोडे पैसे मागायला गेलो. घरच्या अडचणीसाठी देतात, तसा नियम आहे. मोबाइलवर पासबुक उघडलं, तर गेल्या दोन वर्षांचे पैसे दिसत नाहीत. दर महिन्याला पगारातून कापलेले आहेत, पगाराच्या स्लिपवर लिहिलंय, आणि तिकडे खात्यात काही दिसत नाही. पैसे भरले की मेसेज येतो. मला येत नव्हता, पण मी नंबर बदलला होता, म्हणून येत नसेल असं समजून बसलो. दोन वर्षं. एवढा शिकलेला गाढव तू पाहिला नसशील.

रिचर्ड अंकलना केबिनमध्ये जाऊन विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "नाताळपर्यंत थांब, सगळं होईल. तू माझा मुलगा आहेस ना?"

आजी, मला नाताळपर्यंत थांबता येणार नाही.

कोणाशी बोलू नकोस.

वेन


मनोरी,
२१ सप्टेंबर

माझ्या घाबरट वेन,

काय रे हे! पैसे दिसत नाहीत म्हणून एवढा रडवेला? अरे, बेगमी दिसायची नसतेच. माझी आई सुकटीचा डबा माळ्यावर ठेवायची, त्याच्यापुढे जळण रचायची, जळणापुढे फाटकं जाळं. आम्ही पाच भावंडं, एकाला दिसायचा नाही. दिसला असता तर पाऊस कसा निघाला असता? सरकारने पण तसंच केलं असेल. तुला दिसू नये म्हणून पुढे काही लावलं असेल. तुझ्यासारखे पोरगे महिन्याला उघडून बघत बसले तर काय उरेल? मला तर उलट बरं वाटलं, म्हटलं सरकारमध्ये कोणीतरी शहाणी बाई आहे.

आणि रिचर्ड म्हणाला ना होईल, तर होईल. घरात काय खर्च निघाला ते लिहिलं नाहीस. पंखा बिघडला का? अमांडाकडे काही गोड बातमी आहे का? सांगायची नसेल तर नको सांगू, मी आपली गोधडी शिवायला घेतलीच आहे, जुन्या लुगड्याची, मऊ.

तुझी चिंता मी घालवते. आपल्या पाड्यात आगेऱ्याला मानकरी जेवणाआधी उठून चार शब्द बोलतो, आणि त्या दिवशी म्हाताऱ्या माणसाने त्याला काही विचारलं तर तो नाही म्हणत नाही. माझ्या सासूने एका मानकऱ्याकडून अख्खं वल्हं मागून घेतलं होतं! मी काही मागणार नाही. मी उठून सगळ्यांदेखत विचारीन, "रिचर्ड, आमच्या वेनचा फंड किती झाला ते गावाला सांग." त्याला पण मान, तुला पण मान. तो आकडा सांगेल आणि तुझा जीव भांड्यात पडेल. कोणाशी बोलू नकोस म्हणालास, तर मी बोलत नाहीये, विचारतेय.

पिठाचे फुगे मी तळणार आहे. फ्रेडाला फार आवडतात. तिला घेऊन ये, गुडघा मी चोळीन.

आजी


बोरिवली,
१ ऑक्टोबर

आजी,

विचारू नकोस. हात जोडतो, आगेऱ्याला काहीही विचारू नकोस. तुझं पत्र मी उशिरा उघडलं, हॉस्पिटलमध्ये होतो. उद्या सुट्टी, पोस्ट बंद, हे तुला वेळेत मिळू दे एवढंच मागतो. निलेशला फोन केला, तो उचलत नाही.

आता सगळं लिहितो.

आईला गुडघ्याचं दुखणं नाही. आईला छातीत गाठ आहे. कॅन्सर आहे, आजी. जुलैत कळलं. तिने आम्हाला शपथ घातली की तुला सांगायचं नाही. म्हणते, "माझ्या आईने आंधळा नवरा, समुद्रावर जाऊ जाऊ म्हणणारा, शेवटपर्यंत सांभाळलाय, आता मला बघायला नको." तिचे केस गेले आहेत. तू पाठवलेल्या मसाल्याचा वास घेते, खाता येत नाही.

ऑपरेशन सोळा तारखेला आहे. कंपनीच्या विम्यात आईचं नाव नाही. अमांडाच्या बांगड्या गेल्या. फंडात जुनं थोडं होतं ते मिळालं आणि केमोत संपलं. दोन वर्षांचं जे होतं, टक्का वाढवून कापलेलं, ते असतं तर ऑपरेशन झालं असतं. पण सरकारने लपवलेलं नाही, आजी. रिचर्ड अंकलनी ते भरलंच नाही. माझं नाही, निलेशचं नाही, कोणाचंच नाही. आमच्या पगारातून कापलं आणि मशीनच्या हप्त्यात घातलं. मला स्वतः सांगितलं त्यांनी. रडले.

तक्रार करता येते. पण तक्रारीला महिने लागतील आणि माझ्याकडे पंधरवडा आहे. आणि आई म्हणते, "रिचर्डवर तक्रार केलीस तर मी ऑपरेशन करून घेणार नाही."

त्यांनी शब्द दिलाय. दहा तारखेला, शुक्रवारी, ऑपरेशनपुरते रोख देतील. अट एकच, बाहेर कोणाला कळता कामा नये. बाकीच्या कामगारांना कळलं तर सगळे एकदम मागतील, आणि मग कोणालाच नाही. मी हो म्हटलं. निलेश समोर बसून डबा खातो आणि मी त्याच्याकडे बघत नाही.

म्हणून विचारू नकोस. आम्ही आगेऱ्याला येत नाही.

वेन


मनोरी,
रविवार, ५ ऑक्टोबर, आगेऱ्याची संध्याकाळ

माझ्या सोन्या वेन,

का आला नाहीत? काय आगेरा झाला म्हणून सांगू! अजून लुगडं बदललं नाही, तशीच लिहायला बसले.

बँड वेळेवर आला. लोंब्या यंदा भरलेल्या होत्या, वाकून चालल्या होत्या नव्या नवरीसारख्या. रिचर्ड पुढे, पांढरा शर्ट, हातात पहिली पेंढी. फादरने पाणी शिंपडलं ते निम्मं माझ्या चष्म्यावर. मग मांडवात जेवण, इंद्याल, वडे, माझे फुगे. शेवंतीने पाच खाल्ले आणि म्हणते मीठ कमी आहे.

रिचर्ड बोलायला उठला. गावाने मला मोठं केलं, वगैरे वगैरे. छान बोलतो. मग मी उठले. काठी आपटली. मला वाटलं माझा आवाज जाणार नाही, पण गेला, शेवंती म्हणते मार्वेपर्यंत गेला. मी म्हटलं, "रिचर्ड बाबा, आज तू नाही म्हणू शकत नाहीस. आमच्या वेनचा फंड दोन वर्षांत किती झाला ते गावाला सांग. त्याला दिसत नाही म्हणतो, वेडा आहे, तू दाखव."

लोक हसले. टाळ्या पण वाजल्या.

रिचर्ड हसला नाही. त्याच्या हातात लोंबी होती, तिचे दाणे तो नखाने काढत राहिला. मग निलेश उठला. म्हणाला, "सर, माझा पण सांगा." मग त्याच्या बाजूचा पोरगा. मग आणखी दोघे, पलीकडच्या पाड्यातले. निलेशने मोबाइल काढला, काहीतरी उघडलं, आणि हसायचं थांबला. रिचर्ड म्हणाला, "आज सण आहे, आज हिशोब नको." आणि ताटावरून उठून गेला. मानकरी ताटावरून! त्याची बायको मागे धावली. मला वाटतं त्याला ऊन लागलं. सकाळपासून उपाशी चालत होता.

शेवंती मला म्हणाली, "सेराफिना, तू काय केलंस ते तुला कळलं का?" मी म्हटलं, काय केलं? विचारलं. तिने माझ्या ताटात आणखी एक फुगा टाकला आणि निलेशकडे गेली.

तू लिही लवकर. आकडा नाही कळला, पण पुढच्या रविवारी मी त्याला गाठीनच.

आजी


बोरिवली,
७ ऑक्टोबर

आजी,

माझं पत्र तुला वेळेत मिळालं नाही हे मला काल कारखान्याच्या गेटवर निलेशकडून कळलं. वॉचमनने आत सोडलं नाही. निलेशला नाही, मला नाही, कोणालाच नाही. फोन केला तर अंकल एवढंच म्हणाले, "तू म्हातारीला पुढे केलंस. आता शुक्रवार विसर."

आईला सांगितलेलं नाही. ती सोळा तारखेसाठी नवीन गाऊन शिवतेय, पुढून बटणं असलेला, डॉक्टरांनी सांगितला तसा.

तूच मागे लागलीस, टक्का वाढव. तूच म्हणालीस, रिचर्डच्या हातात आहेस. तूच उठलीस मांडवात. मी हात जोडून लिहिलं होतं, आजी.

हे खोडणार होतो. राहू दे. राग तुझ्यावर काढतोय कारण दुसरं कोणी माझा राग घेत नाही. अमांडा म्हणते पत्र पाठवू नकोस. मी पाठवतोय, कारण आता खोटं बोलायला माझ्यात ताकद नाही.

ऑपरेशनचे पैसे पुढच्या बुधवारपर्यंत, पंधरा तारखेपर्यंत, भरायचे आहेत. नाही भरले तर पुढची तारीख कधी मिळेल ते कोणी सांगत नाही. गाठ थांबत नाही.

वेन


मनोरी,
रविवार, १२ ऑक्टोबर

वेन,

तुझी दोन्ही पत्रं माझ्याकडे आहेत. पहिलं सोमवारी आलं, दुसरं शुक्रवारी. पहिलं वाचल्यावर मी दोन दिवस दार उघडलं नाही. शेवंतीला वाटलं मी गेले, म्हणून ती खिडकीतून हाका मारत होती. तू जे खोडणार होतास ते खोडलं नाहीस ते बरं केलंस. ते खरं आहे. मला दिसत होतं तेवढंच मी खरं धरलं. माझी मुलगी मसाल्याचा वास घेऊन बूच लावते आणि मी तुला फंडाचा आकडा विचारत होते.

आता जे झालं ते ऐक, मी आज फार बडबडणार नाही.

काल दुपारी रिचर्ड घरी आला. एकटा. चप्पल बाहेर काढून आला, पूर्वी यायचा तसा. खाली बसला. म्हणाला, "माय, पोरं तक्रार करायला निघालीत. मला धरून नेतील. कारखाना गेला तर तीस घरं बसतील. तू उद्या मिस्सा झाल्यावर सगळ्यांना सांग की तुझी चूक झाली, तुला ऐकू येत नाही, तू काहीतरी भलतंच विचारलंस. लोक तुझं ऐकतील. एवढं सांग, फ्रेडाच्या ऑपरेशनला मी देतो."

वेन, मी खोटं सांगत नाही. मी लगेच हो म्हणणार होते. निलेश गेला उडत, तीस घरं गेली उडत, माझी फ्रेडा राहू दे. आई आहे मी.

पण मग मी म्हटलं, "पैसे आधी आण." तो म्हणाला, "उद्या, तू बोलल्यावर." मी म्हटलं, "रिचर्ड, बाजारात मी मासळी विकलीय. टोपली आधी, पैसे नंतर, असं म्हणणारं गिऱ्हाईक मी ओळखते." गेला. दिवेलागणीला परत आला, पाकीट घेऊन. माझ्या पुढ्यात ठेवलं. मी उघडून बघितलं, निम्मेच होते. म्हणाला, एवढेच आहेत. आणि त्याचं तोंड बघून मला कळलं, खरंच तेवढेच आहेत. मी विचारलं, "हे तुझे आहेत का वेनचे?" तो खाली बघून म्हणाला, "वेनचेच." मी पाकीट पदरात घेतलं आणि म्हटलं, "सांगते."

आज मिस्सा झाली. लोक बाहेर आले. रिचर्ड फाटकापाशी उभा होता, त्याची बायको बाजूला. मी पायरीवर चढले, निलेशने हात धरला. मी म्हटलं:

"मी सेराफिना. मला कमी ऐकू येतं. मी चौथी शिकले. आगेऱ्याला मी जे विचारलं ते चुकून विचारलं असं तुम्हाला सांग म्हणून काल रिचर्ड माझ्या घरी आला, आणि त्यासाठी त्याने आमच्या वेनच्याच फंडाचे निम्मे पैसे माझ्या पुढ्यात ठेवले. मी सांगते म्हणाले होते. सांगितलं."

आणि खाली उतरले.

कोणी हसलं नाही, वेन. फादरने चष्मा काढून हातात घेतला. रिचर्ड माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, पण मला तो ओल्या कोटातला रिचर्डच दिसत होता, तुला छातीशी धरून उभा असलेला. माणूस एवढा बदलत नाही रे. तो तेव्हाही तसाच होता आणि आताही तसाच असेल, आणि मध्ये कुठेतरी हप्ते आले. मी त्याच्यासाठी पण रडले, पण घरी येऊन, दार लावून.

आता कामाचं. हे पत्र आणि पाकीट दोन्ही निलेश दुपारच्या नावेने आणतोय. पाकीट मी इथे ठेवत नाही. रिचर्ड परत मागायला आला तर माझं तोंड नाही म्हणेल, पण हात नाही म्हणतील की नाही माहीत नाही. उरलेले निम्मे कुठून आणायचे ते मला माहीत नाही. माझ्या कानातली शेवंतीने सोनाराला दाखवून आणलीत, ती निलेशच्या खिशात आहेत, चिंधीत. त्याने भागणार नाही. फादर हॉस्पिटलच्या ट्रस्टला चिठ्ठी देतो म्हणाला आहे, मिळेल की नाही देव जाणे. तू उद्या ट्रस्टच्या दारात जाऊन बस आणि उठू नकोस.

आणि तक्रार लिहा. निलेश तुला सांगेल, पोरांच्या आया आत्ता माझ्या ओटीवर जमल्या आहेत, प्रत्येकीच्या हातात आपल्या पोराच्या पगाराची स्लिप. फंड परत येईल तेव्हा येईल. सोळा तारखेच्या आधी येणार नाही, तेवढं मला पण कळतं. तरी लिही. तुझं नाव सगळ्यात वर लिही. निलेशकडे बघ आता.

फ्रेडाचा हट्ट फ्रेडाकडे. तक्रार तू केलीस असं तिला वाटायला नको. तिला सांग, म्हातारीने केली. तेही खोटं नाही.

मी उद्या सकाळच्या नावेने येते. अडवू नकोस, नाव हलली तर हलू दे. गोधडी आणते, बाळासाठी शिवली होती, पण मऊ आहे, टाक्यांना टोचणार नाही. सुकटीचा डबा आणते. उघडलाय मी. सगळाच आणते.

आणि एक कर. मला कळलंय असं फ्रेडाला सांगू नकोस. लहान असताना पडली की गुडघा लपवून यायची, मी आधी दुसऱ्याच पायाला हळद लावायची, मग ती आपणहून दाखवायची. मी येईन, तिच्या डोक्याला फडकं असेल तिकडे बघणार नाही, तेलाची वाटी घेऊन खाली बसेन आणि म्हणेन, दाखव गं तुझा गुडघा.

तुझी,
आजी